इंजिनाची रोजकीर्द आणि खतावणी

मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिंवळा दिवा असतो. गाडी चालूं असतां तो एकाएकीं लागला, म्हणजे मालकाचें मन अस्वस्थ होतें. गाडी तर पूर्वीप्रमाणेंच धांवत असते. आवाज नाहीं, धूर नाहीं. मग बिघडलें आहे तें काय? गाडी गॅरेजमध्यें नेली जाते. मिस्त्री स्कॅनर जोडतो. पडद्यावर ‘पी ०१७१’ अशी संज्ञा उमटते आणि ‘मिश्रण फार विरळ’ असा तिचा अर्थ वाचून तो ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला देतो. कांहीं हजार रुपये खर्च होतात, दिवा मालवतो, आणि आठ-पंधरा दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो.

अशा प्रसंगीं मिस्त्री लबाडच असतो असें मुळींच नाहीं. संज्ञेनें परिणाम सांगितला. कारण सांगितलें नाहीं. चोर आल्याची वर्दी ज्या राखणदारानें दिली, त्यालाच चोर समजून घराबाहेर काढावें, तसा हा प्रकार झाला. खरें कारण शोधावयाचें तर त्याच स्कॅनरच्या पडद्यावर, त्या संज्ञेच्या मागें, दोन साधे आंकडे उभे असतात. त्यांस ‘फ्युएल ट्रिम’ असें म्हणतात. ते वाचतां येणें ही कांहीं गूढ विद्या नव्हे. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणाही गृहस्थास त्यांचें मर्म समजण्यासारखें आहे.

प्रथम इंजिनाच्या आहाराचा विचार केला पाहिजे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा ह्याहून अधिक झाली, तर मिश्रण विरळ झालें असें म्हणतात. पेट्रोल अधिक झालें, तर तें दाट झालें. विरळ मिश्रणानें इंजिन अडखळतें. दाट मिश्रणानें पेट्रोल वायां जातें आणि धुरांत विष वाढतें. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें ह्या तिघांचाही एकदम निकाल लावावयाचा असतो. हें काम त्यास १४.७ च्या अगदीं आसपासच नीट साधतें. तेव्हां ह्या प्रमाणाला चिकटून राहणें हें केवळ काटकसरीचें नव्हे, तर शहराच्या हवेचेंही प्रकरण आहे.

कार्ब्युरेटरच्या काळीं हें प्रमाण जेटच्या छिद्रावर आणि मिस्त्रीच्या अनुभवावर अवलंबून असे. स्पार्क प्लगवरील काजळीचा रंग पाहून तो स्क्रू पिळी आणि गाडी मार्गाला लावी. पुढें १९६७ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें विजेच्या गणितावर चालणारी इंधन-फवाऱ्याची पद्धति फोक्सवॅगनच्या गाडींत आणली. परंतु त्या गणिताचें उत्तर बरोबर आलें कीं चूक, हें तपासणारा कोणी नव्हता. ती उणीव १९७६ सालीं भरून निघाली. त्या सालीं व्हॉल्व्हो कंपनीच्या गाडींत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसविण्यांत आला, आणि इंजिनाला आपल्याच धुराची परीक्षा करतां येऊं लागली.

आजच्या गाडींतील व्यवस्था अशी असते. ईसीयू नांवाचा लहानसा संगणक आंत येणारी हवा मोजून घेतो, तिला किती पेट्रोल लागेल ह्याचा हिशेब करतो, आणि तितका वेळ, म्हणजे एका सेकंदाचे कांहीं सहस्रांश, इंजेक्टर उघडा ठेवतो. ज्वलन झाल्यावर धुरांत किती ऑक्सिजन उरला, हें ऑक्सिजन सेन्सर सांगतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्यें मिश्रण विरळ असतां विजेचा दाब ०.१ व्होल्टच्या जवळपास राहतो, दाट असतां ०.९ च्या जवळपास जातो, आणि ०.४५ ही मधली सीमा मानली जाते. विरळ असा निरोप आला कीं ईसीयू पेट्रोल थोडें वाढवितो. दाट असा निरोप आला कीं थोडें घटवितो. हा खेळ क्षणोक्षणीं चालूं असतो. मूळ हिशेबावर जी ही शेंकडेवारी वाढ किंवा घट करावी लागते, तिचेंच नांव फ्युएल ट्रिम.

हिचे दोन प्रकार आहेत, आणि पेढीवरील हिशेबाच्या वह्यांशीं त्यांचें विलक्षण साम्य आहे. ‘शॉर्ट टर्म’ ट्रिम ही रोजकीर्द होय. ह्या घडीला काय घडलें तें तींत टिपलें जातें. आंकडा सारखा वरखालीं होत असतो. ‘लाँग टर्म’ ट्रिम ही खतावणी होय. रोजकीर्दींत एकाच बाजूची तूट पुन्हां पुन्हां येऊं लागली, म्हणजे ईसीयू ती तूट खतावणींत कायम मांडून ठेवतो आणि पुढचा हिशेब त्या जमेस धरूनच सुरू करतो. कित्येक गाड्यांत संथ चाल, मध्यम वेग, जड भार अशा निरनिराळ्या स्थितींसाठीं खतावणीचीं निरनिराळीं पानें असतात.

आंकड्याचें चिन्हही ध्यानांत ठेविलें पाहिजे. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयूला पेट्रोल वाढवावें लागत आहे. अर्थात् मिश्रण मुळांत विरळ पडत आहे. उणें चिन्ह म्हणजे पेट्रोल कमी करावें लागत आहे. अर्थात् तें मुळांत दाट आहे. पुष्कळ वेळां येथेंच गफलत होते. अधिक आंकडा पाहून ‘पेट्रोल जास्त जात आहे’ असा अर्थ केला जातो, आणि शोध नेमका उलट दिशेनें सुरू होतो.

दुसरी गफलत एकच वही पाहण्याची. समजा, एका गाडींत शॉर्ट टर्मचा आंकडा शून्याभोंवतीं डोलत आहे. रोजकीर्द पाहणारा म्हणेल, सर्व आलबेल आहे. पण खतावणी उघडली तर तेथें अधिक १८ दिसतात. तूट नाहींशी झालेली नाहीं. ती एका वहींतून दुसऱ्या वहींत गेली, इतकेंच. म्हणून दोन्ही आंकड्यांची बेरीज करून ती वाचावी. साधारणपणें ही बेरीज शून्याच्या दोहों बाजूंस ५ टक्क्यांच्या आंत असावी. १० च्या पलीकडे गेली तर कारण शोधावयास लागावें. बहुतेक गाड्यांत २० ते २५ च्या सुमारास ईसीयूची सोशिकता संपते आणि पिंवळा दिवा लागतो.

ह्याचा अर्थ असा कीं, दिवा लागण्यापूर्वीं बिघाड कित्येक महिने घरांत येऊन राहिलेला असतो. ईसीयू त्याची भरपाई करीत असतो म्हणून तो कोणास दिसत नाहीं. घरांतील एखादी समंजस व्यक्ति स्वतः पोटाला चिमटा घेऊन खर्चाची तोंडमिळवणी करीत राहते आणि कुटुंबास कर्जाचा पत्ता लागत नाहीं, तशीच ही गोष्ट आहे. ट्रिमचा आंकडा हा इंजिनाचा रोग नव्हे. त्या रोगाशीं ईसीयूला किती झगडावें लागत आहे, ह्याचें तें माप आहे.

आतां निदानाचा मुख्य भाग. एकाच स्थितींत घेतलेला आंकडा फारसें कांहीं सांगत नाहीं. वैद्य जसा रोग्यास निजवून, बसवून व चालवून नाडी पाहतो, तसा हा आंकडा इंजिन जागच्या जागीं संथ फिरत असतां, मग मिनिटास सुमारें २५०० फेऱ्यांवर, आणि शेवटीं चढावर भार असतां, असा तीनदां पाहावा. तिन्ही आंकड्यांची तुलना केली म्हणजे रोगाचा ठावठिकाणा लागूं लागतो.

समजा, संथ चालींत बेरीज अधिक २० आहे आणि २५०० फेऱ्यांवर ती अधिक ४ वर उतरते. येथें साधें त्रैराशिक मांडावें. संथ चालींत इंजिन सेकंदास ३ ग्रॅम मोजलेली हवा घेत असेल, आणि हवेच्या मापकाच्या पुढें एखाद्या फुटक्या रबरी नळींतून ०.६ ग्रॅम हवा चोरवाटेनें आंत शिरत असेल, तर ती चोरटी हवा मोजलेल्या हवेच्या २० टक्के झाली. २५०० फेऱ्यांवर मोजलेली हवा १५ ग्रॅम झाली, पण भोंक तेवढेंच राहिलें. म्हणून चोरटी हवा ०.६ च्याच आसपास, म्हणजे ४ टक्के. संथ चालींत मोठा आणि वेगांत लहान होणारा अधिक आंकडा अशा रीतीनें हवेच्या गळतीकडे बोट दाखवितो. नळीची चीर, मॅनिफोल्डचें सुटलेलें गॅस्केट, ब्रेकच्या सर्व्होची फाटलेली नळी, ह्यांपैकीं कांहीं तरी तेथें सांपडण्याचा संभव असतो. हीं ठिकाणें धूर सोडून तपासतां येतात. ऑक्सिजन सेन्सर बदलून तीं कधींही बुजत नाहींत.

ह्याच्या नेमकी उलट स्थिति पाहावी. संथ चालींत अधिक २, सपाट रस्त्यावर अधिक ८, आणि खंडाळ्याचा घाट चढतांना अधिक १८. येथें भूक वाढते तशी तूट वाढत आहे. संथ चालींत थोडेंसें पेट्रोल पुरवण्यास दुबळा पंपही समर्थ असतो. चढावर मागणी वाढली कीं तो उघडा पडतो. पंप, तुंबलेला पेट्रोल-फिल्टर, किंवा राळ जमलेले इंजेक्टर, ह्यांवर संशय घ्यावा. परंतु हवेचा मापक मळला तरीही असाच आंकडा दिसतो. कारण मळानें झांकलेली त्याची तप्त तार वाढत्या हवेचें माप उत्तरोत्तर कमी दाखविते, आणि कमी हवेच्या हिशेबानें पेट्रोलही कमी सोडलें जातें. दोहोंतील निवाडा दाबमापकानें करावा. ज्या इंजिनांत इंजेक्टर मॅनिफोल्डमध्यें फवारा सोडतात, त्यांत पेट्रोलचा दाब सामान्यतः ३ ते ४ बार असतो. भार असतां दाब कंपनीनें दिलेल्या मापाला धरून राहिला, तर पंप निर्दोष समजून मापकाकडे वळावें.

येथें एक अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण तो न जाणल्यामुळें अनेकांची फसगत होते. भारतांतील पुष्कळ लहान गाड्यांत हवेचें वजन मोजणारा मापक नसतोच. मॅनिफोल्डमधील दाब मोजून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. अशा इंजिनांत चोरवाटेनें आलेल्या हवेनेंही दाब वाढतो, आणि तिचा हिशेब आपोआप होतो. त्यामुळें गळती असूनही ट्रिम फारशी हलत नाहीं. उलट इंजिनाची संथ चालच वाढलेली आढळते. म्हणून आंकडा वाचण्यापूर्वीं आपल्या गाडींत कोणता मापक आहे, हें विचारून घ्यावें.

उण्या आंकड्यांचा अर्थही ह्याच मार्गानें लावावा. गळका इंजेक्टर संथ चालींत अधिक जाच देतो. पेट्रोलचा दाब मर्यादेबाहेर वाढला असेल, तर उणा आंकडा सर्व स्थितींत दिसतो. पेट्रोलच्या टाकींतील वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला, तरी मिश्रण दाट होतें. त्याची नळी क्षणभर चिमटून धरतांच उणा आंकडा शून्याकडे सरकूं लागला, तर गुन्हेगार हातीं लागला म्हणावयाचें. एंजिन-ऑइलमध्यें पेट्रोल मिसळलें असेल, तर त्याची वाफही असाच परिणाम घडविते; तेथें ऑइल बदलणें हाच प्रथमोपचार.

मात्र साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्यास चुकीचें दृश्य दिसूं शकतें, हें विसरतां कामा नये. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीस चीर असेल, तर धुराच्या दोन लोटांमधील क्षणीं बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘विरळ’ असा निरोप पाठवितो. एखाद्या सिलिंडरमध्यें ठिणगी पडली नाहीं, तर तेथील हवा न जळतां तशीच बाहेर येते. पेट्रोलही तिच्याबरोबर वायां गेलेलें असतें, पण सेन्सर पेट्रोल पाहत नाहीं, ऑक्सिजन पाहतो. म्हणून पुन्हां ‘विरळ’ असाच निरोप जातो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. हें न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान् धातूंचा लेप दिलेली त्याची जाळी वितळूं लागते. एका प्लगच्या किंमतीचा बिघाड दुर्लक्षानें असा शतपट महाग होतो.

दुसरी मर्यादा सरासरीची. चार सिलिंडरांच्या साध्या इंजिनांत सर्वांचा धूर एकाच सेन्सरसमोरून जातो. त्यांपैकीं एका सिलिंडरास ४० टक्के पेट्रोल कमी मिळूं लागलें, तर एकूण तूट भरून काढण्यास ट्रिम सुमारें अधिक ११ वर जाते. पण ही वाढ चौघांनाही वांटली जाते. उपाशी होता तो उपाशीच राहतो आणि तिघांना अजीर्ण होतें. आंकडा समाधानकारक, पण इंजिन थरथरत आहे, असें दिसलें तर सरासरीच्या आड दडलेला हा अन्याय शोधावा.

गेल्या कांहीं वर्षांत भारतीय मोटारवाल्यांस ह्या आंकड्यांत आणखी एक बदल पाहावयास मिळाला आहे. साखर कारखान्यांची मळी, उंसाचा रस आणि धान्य ह्यांपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें, आणि २०२५ सालीं ह्या मिश्रणाचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉलच्या अंगीं मूळचाच ऑक्सिजन असल्यामुळें त्यास हवा कमी लागते, १४.७ च्या जागीं अवघी ९ भाग. म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाचें योग्य प्रमाण सुमारें १३.५ वर येतें. १० टक्के मिश्रणावर ज्या इंजिनाची खतावणी स्थिरावली होती, तिच्यांत नव्या इंधनानें अधिक ४ टक्क्यांच्या आसपास भर पडणें स्वाभाविक आहे. तो बिघाड नव्हे. पण आधींच अधिक १५ वर पोंचलेल्या गाडीस हीच लहानशी भर दिव्यापर्यंत नेऊं शकते. अशा वेळीं सर्व दोष इंधनाच्या माथीं मारून जुनी गळती तशीच ठेवणें, हें अर्धेंच निदान ठरेल. सी.एन.जी. वर चालणाऱ्या गाडींत पेट्रोलवर एकदां व गॅसवर एकदां असे आंकडे निरनिराळे घ्यावे. तूट फक्त गॅसवरच दिसली, तर शोध गॅसच्या साहित्यापुरता मर्यादित होतो. डिझेलच्या इंजिनांत मात्र हवा व इंधन ह्यांचें असें ठराविक प्रमाण राखलें जात नसल्यामुळें हें शास्त्र त्यांस जसेंच्या तसें लागूं पडत नाहीं.

आंकडे घेतांना कांहीं पथ्यें पाळावीं. इंजिन पुरतें तापलेलें असावें, आणि स्कॅनरवर ‘क्लोज्ड लूप’ असें दिसत असावें. म्हणजे ईसीयू सेन्सरचें ऐकत आहे अशी खात्री होते. थंड इंजिनांत, किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असतां, तो बहुधा सेन्सरकडे लक्ष देत नाहीं, आणि त्या वेळच्या ट्रिमला अर्थ नसतो. सर्वांत महत्त्वाचें पथ्य असें कीं, संज्ञा पुसण्याची घाई करूं नये. दिवा लागला त्या क्षणींचा वेग, भार, तापमान व ट्रिम हीं ईसीयूनें ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून जपून ठेविलेलीं असतात. संज्ञा पुसतांच तीं नष्ट होतात, आणि पुष्कळ गाड्यांत खतावणीही कोरी होते. पुरावा जाळून मग चौकशी करण्यासारखेंच तें होय. दुरुस्ती झाल्यावर मात्र खतावणी कोरी करून गाडी चालवावी आणि आंकडे पुन्हां घ्यावे. बेरीज शून्याजवळ आली, तरच दुरुस्ती झाली असें समजावें. दिवा मालवणें हा पुरावा नव्हे. तो तर संज्ञा पुसल्यानेंही मालवतो.

हें सर्व काम करण्यास प्रचंड यंत्रसामग्री लागते अशीही समजूत नको. अमेरिकेंत १९९६ सालापासून प्रत्येक नव्या मोटारीस एकाच नमुन्याचें सोळा टोंकांचें जोडस्थान बसविणें सक्तीचें झालें. भारतांतील आजच्या गाड्यांतही तसेंच जोडस्थान चालकाच्या गुडघ्यांजवळ असतें. त्यांत बसणारा साधा स्कॅनर आणि खिशांतील मोबाइल एवढ्यावर हे दोन आंकडे वाचतां येतात. ज्यास तेंही करावयाचें नसेल, त्यानें निदान गॅरेजमध्यें एक प्रश्न विचारावा: ‘संथ चालींत ट्रिमची बेरीज किती, आणि अडीच हजार फेऱ्यांवर किती?’ जाणता मिस्त्री ह्या प्रश्नानें रागावणार नाहीं. आपलें काम कोणास समजतें ह्याचा त्यास आनंदच होईल. आणि ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्याच्या सांगण्यावरून महागडा सुटा भाग विकत घेण्यापूर्वीं गृहस्थानें आणखी एक दिवस थांबण्यास हरकत नाहीं.